अभ्यासिकेतले मेश वायफाय : राउटर दोन, पण काम एकानेच करावे

वस्त्यांमधल्या बऱ्याच अभ्यासिकांत आता फायबरचे कनेक्शन आले आहे. कंपनीचा माणूस येतो, दारावरून वायर आत घेतो, जवळचा प्लग बघतो आणि तळमजल्यावर पदाधिकाऱ्यांच्या टेबलामागे राउटर ठोकून निघून जातो. त्या टेबलावर नेट झकास चालते. दुसऱ्या मजल्यावर, जिथे मुलींची बसण्याची सोय केलेली असते, तिथे रेंजची जेमतेम एक काडी दिसते. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना जातीचा दाखला अपलोड होता होता पान अडकते आणि शेवटच्या तारखेला मुली जिन्यात उभ्या राहून अर्ज पूर्ण करतात. सिग्नल कुणापर्यंत पोचतो आणि कुणापर्यंत नाही, हे त्या इमारतीत कोण कुठे बसते यावरून ठरते, असे आम्हाला अनेक ठिकाणी दिसले आहे.

मग वर्गणी निघते आणि कोणीतरी मेश वायफायचा संच आणतो. मेश म्हणजे दोन किंवा तीन युनिटे एकमेकांशी बोलून सगळ्या इमारतीत एकाच नावाचे वायफाय पसरवतात. पूर्वी लोक जो एक्स्टेंडर लावत, त्यात बहुतेक वेळा दुसऱ्या नावाचे वेगळे वायफाय तयार होई आणि वरच्या मजल्यावर गेल्यावर ते हाताने निवडावे लागे. मेशमध्ये फोन जवळच्या युनिटकडे आपोआप सरकतो. संच लावला की रेंज सगळीकडे दिसू लागते, पण लगेच नव्या तक्रारीही येतात. ऑफिसातला प्रिंटर वरच्या लॅपटॉपला सापडत नाही. सीसीटीव्ही फोनवर दिसेनासा होतो. काही फोन जुन्याच वायफायला चिकटून बसतात. संच परत करायची भाषा सुरू होते. आम्ही ज्या जोडण्या पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी संच धडधाकट होता; कंपनीचा राउटर आणि मेशचे मुख्य युनिट दोघेही एकच काम करत होते, एवढाच घोटाळा होता. तो कसा होतो आणि कसा सोडवायचा, ते इथे सांगतो.

कंपनीच्या बॉक्समध्ये काय काय असते

ज्याला आपण राउटर म्हणतो तो फायबरचा बॉक्स एकाच वेळी चार कामे करतो. काचेच्या तारेतून येणाऱ्या प्रकाशाचे विजेच्या संदेशात रूपांतर करतो. या कामामुळे तंत्रज्ञ त्याला ओएनटी म्हणतात. कंपनीच्या जाळ्यात आपल्या नावाने लॉगिन करतो. आतल्या प्रत्येक फोनला, लॅपटॉपला एक आतला पत्ता वाटतो आणि त्यांची मागणी बाहेर पोचवतो. खरे राउटरचे काम हेच. आणि चौथे, वायफाय पसरवतो. मेशचे मुख्य युनिट पेटीतून काढून जसेच्या तसे लावले की तेही शेवटची दोन्ही कामे करू लागते.

पत्ते वाटण्याचे हे काम नीट समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे होते. जुन्या पद्धतीच्या इंटरनेटमध्ये, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, सुमारे ४२९ कोटीच पत्ते बसतात. जगातल्या प्रत्येक फोनला स्वतंत्र पत्ता देणे शक्य नाही. म्हणून काही मालिका फक्त घराच्या आत वापरायला राखून ठेवल्या आहेत. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यातलेच, ते लाखो घरांत एकसारखे असतात. बाहेरच्या जगाला आपल्या अभ्यासिकेचा एकच पत्ता दिसतो. आतल्या चाळीस फोनांपैकी कोणी काय मागवले याची नोंदवही राउटर ठेवतो आणि उत्तर आले की वही बघून ज्याचे त्याला देतो. या वहीच्या कामाला नॅट म्हणतात.

आता चाळीचा विचार करा. पोस्टमन फाटकावर सगळी पत्रे देतो आणि सेक्रेटरी वही बघून ती घरोघरी पाठवतो. त्याच चाळीत जिन्याच्या तोंडाशी दुसरा सेक्रेटरी बसला आणि त्याने स्वतःची वेगळी वही सुरू केली, तर वरच्या मजल्यावरची घरे फाटकावरच्या सेक्रेटरीच्या लेखी उरतच नाहीत. त्याला फक्त जिन्यातला माणूस माहीत. वरच्या घरांनी मागवलेले पत्र दोन वह्यांतून फिरून का होईना पोचते. पण तळमजल्यावरचा माणूस आपणहून वरच्या घराचे नाव घेऊन हाक मारू लागला, तर ती जिन्यातच थांबते. याला दुहेरी नॅट म्हणतात. यूट्यूब, व्हॉट्सॲप, सरकारी संकेतस्थळे दुहेरी नॅटमध्येही चालतात आणि म्हणूनच बिघाड कुणाच्या लक्षात येत नाही. अडतात ती एकाच इमारतीतली यंत्रे एकमेकांना शोधतात ती कामे. प्रिंटर कंपनीच्या वायफायवर आणि लॅपटॉप मेशच्या वायफायवर असेल, तर दोघे शेजारी असूनही वेगवेगळ्या जाळ्यांत असतात.

हे ओळखणे सोपे आहे. मेशच्या ॲपमध्ये इंटरनेटचा पत्ता बघा. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर तुमचा मेश दुसऱ्या राउटरच्या पोटात बसला आहे. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यानचा असेल तर तो कंपनीच्या स्वतःच्या वहीचा पत्ता आहे. एक बाहेरचा पत्ता कंपनी अनेक ग्राहकांत वाटते तेव्हा हे दिसते. त्यावर अभ्यासिकेत बसून इलाज नाही.

दोन मार्ग, आणि आमचे मत

एक मार्ग म्हणजे मेशला सांगायचे, तू पत्ते वाटू नकोस, फक्त वायफाय पसरव. याला ॲक्सेस पॉइंट मोड म्हणतात. राउटर कंपनीचाच राहतो आणि सगळी यंत्रे एकाच वहीत येतात.

दुसरा मार्ग उलटा आहे. कंपनीच्या बॉक्सला सांगायचे, तू फक्त प्रकाशाचे रूपांतर कर, बाकी सगळे मेश बघेल. याला ब्रिज मोड म्हणतात. त्यासाठी कंपनीचे लॉगिन नाव, पासवर्ड आणि काही ठिकाणी व्हीलॅनचा क्रमांक मेशमध्ये भरावा लागतो. सगळ्याच कंपन्या ही सोय देत नाहीत आणि त्याच बॉक्समधून लँडलाइन किंवा टीव्ही चालत असेल तर तो बंद पडू शकतो. ब्रिज करण्याआधी कंपनीला विचारून या गोष्टी कागदावर उतरवून घ्या. आणि कितीही गोंधळ झाला तरी बॉक्सच्या मागचे रिसेटचे बारीक भोक पिनेने दाबू नका. कंपनीने भरलेली माहिती पुसली गेली तर तिचा माणूस परत येईपर्यंत नेट बंद, आणि तो अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर उगवतो.

अभ्यासिकेसाठी आमचे मत स्पष्टपणे ॲक्सेस पॉइंट मोडच्या बाजूने आहे. कारण तांत्रिक कमी आणि व्यवहाराचे जास्त आहे. मेश बिघडला तर केबल काढायची, कंपनीचे वायफाय सुरू करायचे, तळमजल्यावर तरी नेट चालू राहते. तक्रार केली तर कंपनी तुमच्या मेशचे नाव सांगून हात झटकू शकत नाही, कारण तिचा राउटर तिच्या पद्धतीने चालू असतो. ज्या इमारतीत तंत्र जाणणारा माणूस रोज हजर नसतो, तिथे कमी गुंतागुंतीची जोडणीच टिकते. ब्रिज मोड तेव्हा घ्यावा, जेव्हा यंत्रांची संख्या वाढली की कंपनीचा बॉक्स वारंवार गोठतो, किंवा मेशमधल्या वेळ आणि वेग ठरवण्याच्या सोयी खरोखर हव्या असतात. ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये अशा बऱ्याच सोयी बंद होतात, हे आधीच लक्षात घ्या. खरेदी करतानाही एक विचारून घ्या : गुगलच्या वायफाय संचात मुख्य युनिट ब्रिज केले की बाकीची युनिटे मेश म्हणून चालत नाहीत, त्यामुळे वरचा सल्ला त्या संचाला लागू होत नाही.

प्रत्यक्ष जोडणी

उदाहरणाला टीपी-लिंकचा डेको घेऊ, कारण वस्त्यांत तो बराच दिसतो. इतर संचांत शब्द थोडे वेगळे असतील, क्रम हाच.

आधी मेश बाजूला ठेवा. लॅपटॉप केबलने थेट कंपनीच्या बॉक्सला जोडून वेग मोजा. १०० एमबीपीएसचा प्लॅन असून इथेच ३० मिळत असेल तर मेश काही करू शकणार नाही, आधी कंपनीशी भांडा. मेश वेग वाढवत नाही. आहे तो वेग लांबपर्यंत नेतो. १०० एमबीपीएस चाळीस जणांत एकाच वेळी वाटले तर प्रत्येकी अडीच येतात. सरकारच्या २०२३ च्या व्याख्येत ब्रॉडबँड म्हणायला किमान २ एमबीपीएस लागतात, म्हणजे आपण काठावरच असतो.

मग मुख्य युनिट केबलने कंपनीच्या बॉक्सला जोडा. बॉक्सच्या मागे सारखी दिसणारी दोन किंवा चार भोके असतात, आणि एक लहान असते. ते लहान टेलिफोनचे, ते सोडा. बऱ्याच बॉक्समध्ये मोठ्या भोकांपैकी एकच गिगाबिटचे असते आणि बाकीची १०० एमबीपीएसपर्यंतच जातात, म्हणून भोकाखालची अक्षरे वाचा. मेशकडेही हाच प्रश्न असतो. डेको ई४ आणि एम४ शेजारी ठेवले तर पटकन फरक कळत नाही, पण ई४ चे पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत आणि एम४ चे गिगाबिटचे. २०० चा प्लॅन घेऊन ई४ लावला तर निम्मे पैसे वाया जातात. दुकानदार हे आपणहून क्वचितच सांगतो.

युनिटचा दिवा निळा लुकलुकायला लागला की फोनवरचे ॲप त्याला शोधते. ॲप विचारते तशी उत्तरे द्या. वायफायला नाव देताना एक युक्ती करा : जुन्या वायफायचेच नाव आणि तोच पासवर्ड द्या. मग प्रिंटर, सीसीटीव्ही, सगळ्यांचे फोन, कशालाच हात न लावता नव्या वायफायवर येतात. त्यानंतर ॲपमध्ये 'मोर', मग 'ॲडव्हान्स्ड', मग 'ऑपरेशन मोड' इथे जाऊन 'ॲक्सेस पॉइंट' निवडा. युनिट बंद होऊन पुन्हा सुरू होते. फोनचे वायफाय एकदा बंद करून चालू करा आणि फोनला मिळालेला पत्ता बघा. डेको स्वतः राउटर असताना बहुधा १९२.१६८.६८ ने सुरू होणारे पत्ते वाटतो. ते ६८ जाऊन कंपनीच्या बॉक्सच्या मालिकेतला पत्ता आला, की दुसरी वही बंद झाली.

शेवटी कंपनीच्या बॉक्सचे स्वतःचे वायफाय बंद करा, नाहीतर फोन दोन्हींमध्ये अडखळत राहतील. बॉक्सच्या खालच्या स्टिकरवर त्याचा पत्ता, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१, आणि लॉगिन लिहिलेले असते. पत्ता ब्राउझरमध्ये टाकताना आकडे इंग्रजी कीबोर्डने टाका. आत गेलाच आहात तर स्टिकरवरचा लॉगिन पासवर्ड बदलून टाका, कारण टेबलाजवळ येणारा कोणीही तो स्टिकर वाचू शकतो. आणखी एक आकडा तिथेच बघण्यासारखा आहे : पत्ता किती वेळासाठी दिला जातो. एका मालिकेत जेमतेम अडीचशे पत्ते असतात. अनेक बॉक्स दिलेला पत्ता २४ तास त्याच फोनसाठी राखून ठेवतात. अभ्यासिकेत, किंवा जयंतीच्या दिवसांत, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोन शेकड्यांनी असतात. ही मुदत दोन तासांवर आणली की "वायफाय जोडले जाते पण पत्ता मिळत नाही" ही तक्रार थांबते.

युनिटे कुठे ठेवायची

इथे घाई करू नका, कारण सगळा खर्च इथेच वसूल होतो किंवा बुडतो. वायफायच्या दोन लहरी असतात. २.४ गिगाहर्ट्झची लांब जाते, पण तिच्यावर शेजारच्या सगळ्या घरांची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान आहे, पण भिंतीतून जाताना तिचा दम लवकर संपतो. सिमेंटचा स्लॅब, त्यातले लोखंड, भरलेली पाण्याची टाकी, पुस्तकांचे लोखंडी कपाट, सगळे तिला अडवते. चोरीच्या भीतीने युनिट कपाटात बंद करून ठेवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यापेक्षा उंच ब्रॅकेटवर ठेवून कुलपाची जाळी लावा, पण जाळी प्लॅस्टिकची.

दुसरे युनिट जिथे रेंज नाही तिथे ठेवण्याची चूक सर्रास होते. त्याला स्वतःलाच पहिल्या युनिटचा सिग्नल मिळाला नाही तर ते पुढे काय देणार? ते अर्ध्या वाटेवर, शक्यतो जिन्याच्या मोकळ्या जागेत हवे. स्वस्त संचात युनिटांचे आपसातले बोलणे आणि आपल्या फोनांशी बोलणे एकाच लहरीवर होते, त्यामुळे दर टप्प्याला वेग निम्म्यापर्यंत खाली येऊ शकतो. तीन मजले असतील तर युनिटांना केबलनेच जोडा. कॅट ६ ची केबल १०० मीटरपर्यंत चालते, कुठल्याही अभ्यासिकेला ती पुरते. ती विजेच्या वायरच्या पाइपमधून नेऊ नका. ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये वरचे युनिट मुख्य युनिटला जोडा किंवा थेट कंपनीच्या बॉक्सला, दोन्ही चालते. राउटर मोड ठेवला असेल तर मात्र ते मुख्य युनिटच्या मागेच हवे. आणि एकाच युनिटातून एकाच बॉक्सला दोन केबल जोडू नका. माहिती गोल फिरत राहते आणि सगळे जाळे आडवे होते.

वीज जाते तिथे आणखी एक गोष्ट. लोक कंपनीचा बॉक्स इन्व्हर्टरवर टाकतात आणि मेशची युनिटे विसरतात, किंवा उलट. साखळीतले सगळे चालू राहिले तरच नेट चालते. राउटरसाठी छोटे यूपीएस मिळतात. घेताना ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून बघा.

जोडणी झाली की तपासणी पदाधिकाऱ्यांच्या टेबलावर करू नका. सगळ्यात लांबच्या बाकावर, मुलींच्या खोलीत, दार लावून, संध्याकाळी गर्दीच्या वेळी करा. तिथे व्हिडिओ अडखळला तर युनिट दोन हात सरकवा आणि पुन्हा बघा.

चावी कुणाकडे

मेशच्या ॲपचे खाते ज्या मुलाने जोडणी केली त्याच्या खासगी ईमेलवर असते. त्याला पुण्यात नोकरी लागते, तो जातो आणि पासवर्ड बदलायलाही कुणाला जमत नाही. म्हणून अभ्यासिकेच्या नावाचा ईमेल उघडून त्यावर खाते काढा. डेकोच्या ॲपमध्ये आणखी व्यवस्थापक जोडता येतात. त्यातली एक तरी मुलगी असू द्या, कारण वरच्या मजल्याची तक्रार तिला आधी कळते.

या चावीचा गैरवापरही होतो. कुणाचा फोन किती वाजता जोडला होता हे ॲपमध्ये दिसते आणि एखाद्याचे नेट एका बोटाने बंद करता येते. "मुली रात्री फोनवर काय करतात" या काळजीपोटी वेळेचे कुलूप लावायची मागणी बैठकीत येतेच. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने फहीमा शिरीन प्रकरणात, वसतिगृहातल्या मुलींच्या मोबाइलवर ठरावीक तासांची बंदी घालणारा नियम चालू दिला नाही आणि इंटरनेटची उपलब्धता शिक्षणाच्या व खासगीपणाच्या अधिकाराशी जोडली. अभ्यासिकेच्या समितीने हे वाचून मग नियम करावेत. रात्री अकरानंतर बंद करायचे तर सगळ्यांसाठी, तळमजल्यासकट.

दुसऱ्या बाजूने, पासवर्ड नसलेले वायफाय ठेवू नका. कनेक्शन ज्याच्या नावावर आहे, गैरवापर झाला तर पोलिस आधी त्याच्याच दारात येतात. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ असावा आणि पासवर्ड दर सत्राला बदलावा. वस्तीतल्या सगळ्यांना वायफाय द्यायचे मनात असेल तर डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलेली पीएम-वाणी ही वेगळी वाट आहे. तिच्यात छोटी संस्था 'पब्लिक डेटा ऑफिस' होऊ शकते, तिला परवाना किंवा शुल्क लागत नाही आणि वापरणाऱ्यांच्या ओळखीची नोंद मधली नोंदणीकृत संस्था ठेवते.

राहिली कागदाची कामे. कंपनीचा ग्राहक क्रमांक, बॉक्सचा पत्ता, कोणता मोड ठेवला आहे, कोणती केबल कुठून कुठे जाते, हे सगळे एका पानावर लिहून हजेरीच्या रजिस्टरला चिकटवा. पासवर्ड मात्र वेगळ्या बंद पाकिटात, दोघांच्या सहीने. केबलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून क्रमांक टाका. आणि लाल दिवा दिसला तर मेशला हात लावण्याआधी तो कुठला ते बघा : कंपनीच्या बॉक्सवर 'एलओएस' लिहिलेला लाल असेल तर प्रकाशच आत येत नाही, तिथे कंपनीला फोन करायचा.